स्वच्छ केलेला आवाज

छोट्याने पडद्यावरच्या आवाजाच्या रेघांमधून ‘नाही’ हा शब्द अलगद कापून काढला आणि त्या जागी दुसरा ‘नाही’ आणून बसवला. हेडफोन कानांवर दाबून त्याने वाक्य पुन्हा ऐकलं. दुसरा ‘नाही’ मागच्या पुस्तकातला होता. मोकळा, नाकातून पुरेपूर घुमलेला. जोड कुठे आहे हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

काचेपलीकडे ताई कोमट पाण्याचा घोट घेत होती. पेला खाली ठेवला की दोन बोटांनी ती डोळ्याखालचं हाड दाबायची, मग कपाळ, मग पुन्हा हाड.

“झालं का तुझं भरतकाम?” माईकमधून तिचा आवाज आला. “का आणखी दोन टाके घालतोयस?”

“झालं, झालं. परिच्छेद पुढे घे.”

त्याची साठी उलटून गेली होती, तरी ताईच्या तोंडी तो छोट्याच होता, आणि तिच्यामुळे घरातही. अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी तो पुस्तकं ध्वनिमुद्रित करायचा. घराची मागची खोली त्याने त्यासाठी केव्हाच बदलून टाकली होती. भिंतींना जाड गाद्यांचं अस्तर, मधोमध काच, काचेपलीकडे एक खुर्ची, टेबल आणि माईक, अलीकडे तो आणि त्याची यंत्रं. दार दुहेरी होतं. ते लावलं की बाहेर रस्त्यावर काहीही चालू असो, आत फक्त स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

ताईचे यजमान गेले तेव्हा ती इथे वरच्या खोलीत राहायला आली. आली ती खिडकीशीच बसून राहिली. जेवायला बोलावलं की यायची, विचारलं तेवढंच बोलायची. एके दिवशी नेहमीची वाचक आली नाही म्हणून छोट्याने तिला हाताला धरून खाली आणलं आणि म्हटलं, “एकच पान वाच. आवाजाची पातळी बघायची आहे.” ते पान वाचून झालं, मग दुसरं, आणि मग ताईच्या सकाळींना पुन्हा वेळापत्रक आलं. ती लवकर उठू लागली, केस नीट विंचरू लागली, “आज किती वाचायचंय?” असं जिन्यातूनच विचारू लागली.

म्हणूनच तो तिच्या आवाजाबद्दल बोलायला कचरायचा. मागे एकदा सहज बोलून गेला होता, “आज आवाज जरा जड लागतोय.” झालं. ताईने पुस्तक मिटलं. “उगाच कशाला ऐकणाऱ्यांच्या डोक्याला ताप?” म्हणाली, आणि कितीतरी दिवस पुन्हा खिडकीशी जाऊन बसली. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

आताची कादंबरी जाडजूड होती. सातव्या प्रकरणात ताईला सर्दी झाली. सर्दीला कोण भीक घालतं? नाक चोंदलं की सगळ्यात आधी ‘म’ आणि ‘न’ जातात, हे त्याला धंद्यात राहून ठाऊक होतं. ‘म’ ‘ब’कडे झुकतो, ‘न’ ‘द’कडे. ‘मन’चं ‘बद’ होतं. त्याने यंत्रावरची खुंटी थोडी फिरवून आवाजात जरा ऊब भरली आणि चार-दोन शब्द मागच्या पुस्तकातून उसने आणले. सर्दी गेली की परत करू, असं स्वतःशीच हसत म्हणाला.

सर्दी गेली नाही. आठव्या प्रकरणात होती, नवव्यात होती. दहाव्यात तिचा घसाही सारखा खाकरू लागला. नाकातून काहीतरी घट्ट मागच्या मागे घशात उतरतं, असं ती म्हणायची. कादंबरीत ‘म्हणाला’ आणि ‘नाही’ पानोपानी होते. छोट्याने जुन्या पुस्तकांतून ताईचे निरोगी शब्द वेचून ठेवले. रागातला ‘म्हणाला’, हळू आवाजातला ‘म्हणाला’, वाक्याच्या टोकाचा, मधला. खरं सांगायचं तर त्याला त्या कामाची गोडीच लागली. एखादा जोड असा बेमालूम बसायचा की तो खुर्चीत मागे रेलून स्वतःवरच खूश व्हायचा.

प्रकरण तयार झालं की ताई ते डोळे मिटून ऐकायची. तिने पसंत केल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, अशी दोघांची रीत होती.

“बरं आलंय की रे,” अकरावं प्रकरण ऐकून ती म्हणाली होती. “मला तर वाचताना वाटत होतं, मडक्यात तोंड घालून बोलतेय.”

“आतून तसंच वाटतं,” छोट्या पडद्याकडे बघत म्हणाला. “स्वतःचा आवाज कुणालाच आतून नीट ऐकू येत नाही.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. आवाजाच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाने हेच सांगितलं असतं.

छोट्याच्या बायकोला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण माणसांकडे तिचं बारीक लक्ष असायचं. एकदा जेवताना ताईच्या हातातला चमचा पडला. तो उचलायला ती वाकली आणि तशीच डोळे मिटून क्षणभर थांबली.

“वन्सं, वाकलं की तोंड का वाकडं होतं हो तुमचं?”

“वयच वाकडं आहे गं.” ताई हळूहळू सरळ झाली. “डोकं जड होतं. सगळं पुढे येऊन आदळतं, इथे, नाकाच्या दोन्ही बाजूंना. आणि ही वरची दाढ. दाढच असणार.”

“आणि परवा दूध करपलं तेव्हा? मी अंगणातून धावत आले, आणि तुम्ही शेगडीपाशी बसलेल्या.”

“वाचत होते मी.”

“डोळ्यांनी वाचत होतात. नाक काय करत होतं?”

ताई हसली. छोट्याही हसला. बायको मात्र हसली नाही. भांडी आत नेताना ती त्याला हळूच म्हणाली, “अहो, यांचा आवाज बदललाय का? मला उगाचच वाटतंय का? तुम्हाला कळायला हवं.”

“सर्दी आहे. निघेल,” तो म्हणाला.

दाढेसाठी तोच ताईला घेऊन गेला. दातांची डॉक्टर तरुण होती, हसतमुख. तिने आरसा घालून बघितलं, दाढांवर ठोकून बघितलं, फोटो काढला आणि तो उजेडात धरला.

“दाढा ठणठणीत आहेत, आजी. माझ्या असत्या तर मी मिरवल्या असत्या.”

“मग दुखतं काय?”

“एकच दाढ दुखते की सगळी रांग?”

ताईने विचार केला. “रांगच.”

“वाकल्यावर जास्त?”

“हो.”

“नाकातून घट्ट, पिवळसर येतं? वास कमी येतो?”

“येतं थोडं. वासाचं… आता तुम्ही विचारलंत म्हणून. लक्षात नाही आलं.”

डॉक्टर खुर्ची सरळ करता करता थांबली. “आणि आवाज असा किती दिवस आहे?”

“असा म्हणजे?”

“चोंदल्यासारखा. नाक चिमटीत धरून बोलल्यासारखा.”

“छे! माझा आवाज तर छान येतोय.” ताईला हसूच आलं. “आवाजाचं या छोट्याला विचारा. त्याचा जन्म त्यातच गेलाय. माशीने सूर चुकवला तरी ओळखेल.”

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. छोट्याच्या हातात ताईची पिशवी होती. त्याने तिचे बंद नीट केले, एकाला एक जुळवले. आता सांगायचं म्हणजे सातव्या प्रकरणापासूनचं सांगायला हवं, आणि तेही एका परक्या पोरीसमोर, ताई तोंडाला रुमाल लावून बसलेली असताना.

“थोडीफार सर्दी आहे,” तो म्हणाला. “विशेष काही नाही.”

“तरी नाकाच्या डॉक्टरांना दाखवाच,” डॉक्टर म्हणाली. “वरच्या दाढांची मुळं आणि गालातली पोकळी अगदी एकमेकांना खेटून असतात. पोकळीच्या आतल्या अस्तराला सूज आली, आत साचायला लागलं, की बिचाऱ्या दाढांवर आळ येतो.”

बाहेर पडल्यावर ताई फुटपाथवर थांबली.

“काय करायचं रे? जायचं का तिकडे?” आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली, “पण तू म्हणतोस ना विशेष काही नाही? मग पुस्तक हातावेगळं करू आधी. चारच प्रकरणं राहिलीत.”

“बरं,” छोट्या म्हणाला.

पुढे त्याला आपण केलेल्या अनेक गोष्टी आठवायच्या, पण सगळ्यात जास्त हा ‘बरं’ आठवायचा. त्यात ‘म’ही नव्हता, ‘न’ही नव्हता. कुठलीही कात्री न लावता तोंडातून स्वच्छ बाहेर पडलेला.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळीच बायकोची हाक आली. “अहो, वर या! आधी वर या!”

ताई पलंगावर बसली होती. डाव्या डोळ्याची पापणी सुजून लाल झाली होती, डोळा मिटल्यातच जमा होता. अंग तापाने फणफणलं होतं. “एकाचे दोन दिसतायत,” ती म्हणाली आणि एवढ्यातही हसण्याचा प्रयत्न केला. “दोन दोन छोटे. एकच पुरे होता.” ‘दोन’चं ‘दोद’ झालं होतं, बाकीचंही सगळं चोंदलेलं. तिथे मधे काच नव्हती, खुंटी नव्हती. छोट्याने तिचा आवाज कितीतरी दिवसांनी जसाच्या तसा कानावर घेतला आणि तो गाडी बोलवायला खाली धावला.

इस्पितळात नाकाचे डॉक्टर आले. वयस्कर होते, थोडक्यात बोलणारे. त्यांनी पापणी उचलून बघितली, बोट डावी-उजवीकडे फिरवून ताईची नजर तपासली, आणि बरोबरच्या नर्सला फक्त “आत्ता” एवढंच म्हणाले. सलाईन लागलं, डोक्याचा स्कॅन झाला.

“नाक कधीपासून बंद आहे?” त्यांनी विचारलं.

“आठ-दहा दिवस असेल,” ताई पुटपुटली. “त्याआधी काही नाही. आवाजसुद्धा चांगला होता.”

डॉक्टरांनी स्कॅनकडे बघितलं, मग छोट्याकडे. “हे आठ दिवसांचं नाही.”

“चार महिने,” छोट्या म्हणाला. “चार महिने झाले असतील.”

ताई ग्लानीत होती. बायकोने मात्र मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ताईच्या अंगावरची चादर तेवढी वर ओढली.

त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. नाकातूनच नळी घालून साचलेलं काढलं, वाट मोकळी केली. डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी बाहेर व्हरांड्यात डॉक्टर छोट्याला समजावून सांगत होते. “साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत उतरते. उतरली नाही, किंवा उतरून पुन्हा उलटली, की दाखवायचं. आणि असं महिनोन्‌महिने चाललं तर ती सर्दी राहतच नाही.”

“वास परत येईल ना?”

“येईलही. नाही सांगता येत. आधी आला असतात तर जास्त भरवशाने बोललो असतो.” मग त्याचा चेहरा बघून ते म्हणाले, “लोकांच्या लक्षातच येत नाही हो. घरात रोज बघत असतात, त्यामुळे कळत नाही.”

छोट्याने मान डोलावली. हा दिलासा त्याने मुकाट्याने घेतला.

घरी आल्यावर ताईचं नाक धुण्याचं काम त्याने आपल्याकडे घेतलं. पाणी उकळायचं, झाकून निववायचं, मीठ मोजून घालायचं, वर चिमूटभर सोडा. बेसिनवर ती वाकून मान एका बाजूला कलती करायची, आणि तो बाटली हातात द्यायचा.

“तोंड उघडं ठेव. तोंडाने श्वास घे. दाबू नकोस जोरात.”

“एका नाकातून घालायचं, दुसऱ्यातून काढायचं! लहानपणी सोंडेचा हट्ट धरला होतास तू, छोट्या. तो फळाला आला माझ्या वाट्याला.”

“बोलू नकोस, ठसका लागेल.”

मग औषधाचा फवारा. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारायचा नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. त्याचा हात अशा कामाला सराईत होता. इतक्या काळजीने त्याने आयुष्यात फार थोड्या गोष्टी केल्या असतील. बायको दारात उभी राहून बघायची आणि निघून जायची.

हळूहळू ताईचा चेहरा उतरलेला होता तो भरला. वाकता येऊ लागलं. झोप लागू लागली. वास मात्र आला नाही. कधी साबणाचा आल्यासारखा वाटायचा आणि जायचा. ग्रंथालयातून नवं पुस्तक आलं तेव्हा तिने ते मधेच उघडून नाकाला लावलं, थांबली, आणि मिटून बाजूला ठेवलं.

मग एका सकाळी ती आपणहून खाली आली. “उरलेलं उरकून टाकू.”

तिने पहिली दोन पानं वाचली. छोट्याने एकाही खुंटीला हात लावला नाही. आता कधीच लावायचा नाही, असं त्याने इस्पितळातल्या बाकावर बसूनच ठरवलं होतं. वाचून झाल्यावर ताई अलीकडे येऊन बसली, डोळे मिटले. त्याने ऐकवलं.

तिच्या कपाळावर आठी पडली.

“आता आधीचं लाव. शेवटचं जे केलं होतं ते.”

त्याने लावलं. खोलीत तिचा भरदार, उबदार आवाज पसरला. कुठे अडखळ नाही, कुठे खरखर नाही.

ताईने डोळे उघडले. “बघ,” ती म्हणाली. “काय होता आणि काय झाला. हा आत्ताचा अगदी पातळ. उघडाबोडका. एकाच पुस्तकात हे दोन्ही कसं चालेल?”

“ताई, तू इतक्या दिवसांनी वाचतेयस. सवयीने—”

“मला समजूत नको घालूस. वास गेला, आवाज गेला. डोळा राहिला ते नशीब.” ती उठली. “कुणी तरी दुसरी बघ. त्या बिचाऱ्यांना शेवट तर ऐकू दे.”

त्यानंतर जिन्यातून हाक येणं बंद झालं. दुपारी छोट्या वर गेला तर ती खिडकीशी. दुसऱ्या दिवशीही.

“चार महिने तुम्हाला माहीत होतं,” बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, वर न बघता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने ते तोंडातून काढलं होतं.

“हो.”

“मग जा आणि सांगा त्यांना. मी नाही सांगणार. आणि तुम्ही नाही सांगितलंत तर त्या तिथून उठणार नाहीत.”

तो वर गेला आणि ताईला म्हणाला, “एकदा खाली ये. वाचायला नाही. ऐकायला.”

ती आली. त्याने अकराव्या प्रकरणाचं मूळ मुद्रण काढलं, ज्याला कात्री लागली नव्हती, आणि लावलं. स्वतः तिच्याकडे न बघता गुडघ्यांकडे बघत बसला.

एक बाई वाचत होती. प्रत्येक वाक्याआधी तोंडाने श्वास ओढत होती. ‘ब्हडाला’, ती वाचत होती. ‘दाही’, ती वाचत होती. परिच्छेदाच्या मधे थांबून खाकरत होती, घोट घेत होती, आणि पुन्हा वाचायला लागत होती.

ताईने पुरतं पान ऐकलं.

“ही बाई आजारी आहे,” ती म्हणाली.

छोट्याने थांबवलं.

“आणि मी ऐकलं होतं ते?”

त्याने तेच पान, तयार झालेलं, लावलं. तिने हात वर केला. “हा ‘म्हणाला’ कुठला?”

“मागच्या पुस्तकातला.”

“हा?”

“तोही. हा त्याच्या आधीच्या पुस्तकातला.”

ती पडद्यावरच्या रेघांकडे बघत राहिली. त्यात तिला काही कळत नव्हतं.

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मडक्यात तोंड घातल्यासारखं वाटतं म्हणून.”

“विचारलं होतंस.”

“वर जाऊन पडायची मी. चेहरा ठणकायचा. मग तुझं हे आठवायचं. म्हणायचे, आवाज तर चांगला येतोय, म्हणजे दुखणं माझ्या मनातलंच. छोट्याचा कान कुठला चुकायला.”

“तू वाचणं सोडशील अशी भीती वाटली मला. मागे सोडलं होतंस तसं.”

मग ताईने चष्मा लावला आणि टेबलावरच्या यंत्राकडे हात केला.

“हे चालू कुठे करायचं?”

त्याला आधी कळलंच नाही.

“मुद्रण. चालू कसं होतं?”

“हे… हे लाल बटण. एकदा दाबायचं.”

“आणि बंद?”

“तेच पुन्हा.”

“चुकलं तर?”

“चुकलं तर वाक्य परत वाचायचं. नंतर मी—” तो थांबला. “नंतर चुकलेलं काढता येतं.”

“ते कसं काढायचं ते उद्या दाखव.” तिने कादंबरी उघडली, खुणेचं पान काढलं. “आता तू बाहेर बस.”

छोट्या उठला. खुर्ची आत सरकवली. हेडफोन कुठे ठेवावे ते त्याला सुचेना. शेवटी तिच्या हातात दिले. बाहेर आल्यावर त्याने एक दार लावलं, मग दुसरं. मुद्रण चालू असल्याचा दारावरचा लाल दिवा लागला.

तो पडवीतल्या बाकावर बसला. ओले कपडे घेऊन बायको आतून आली आणि दिव्याकडे बघून थबकली.

“वाचतायत?”

“हो.”

“कशा वाचतायत?”

छोट्याने दाराकडे पाहिलं.

“ऐकू येत नाही,” तो म्हणाला.